मोडक्या शेपटाचा कोंबडा

"गुडघा दुखतोय," आमचे हे म्हणाले आणि पांघरूण नाकापर्यंत ओढून घेतलं.

मी तयार होऊन केबिनच्या दारात उभी. जहाज पहाटेच धक्क्याला लागलेलं. लेकीनं आम्हा दोघांसाठी खास गाडी आणि खास गाईड ठरवली होती. बसभर माणसांबरोबर फरफटत जायला नको, आईबाबांनी आपल्या मर्जीनं गाव बघावं म्हणून. कालपर्यंत हाच गुडघा डेकवर फेऱ्या मारत होता. आज बरोबर दुखायला लागला, आणि तोही ह्याच गावात!

ह्याच गावात म्हणजे काय, ते सांगते. हे जन्मभर असल्याच प्रवासी जहाजांवर इंजिनरूममध्ये फिटर होते. बरेच महिने समुद्रावर, मग सुट्टी. सुट्टीत घरी आले की लेकीला मांडीवर घेऊन बंदरांच्या गोष्टी सांगायचे, आणि सगळ्या बंदरांत हे लाडकं. इथला घड्याळाचा मनोरा, त्याच्या टोकावर पत्र्याचा कोंबडा, कोंबड्याचं शेपूट मोडकं. बेकरीला तीन धुराडी, मधल्यात पाखरांचं घरटं. आणि एक पिवळी गच्ची. "त्या गच्चीवर एक बाई असते," असं ते एकदा लेकीला म्हणाले. "मला बघितलं की हात करते."

मी स्वयंपाकघरात होते. एरवी मला हाका मारून माणसं थकतात, पण हे मात्र भिंतीपलीकडून लख्ख ऐकू आलं. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. विचारलं कधी नाही. विचारलं आणि खरं निघालं तर? पदरात लहान मूल, नवरा समुद्रावर. तोंडाला कुलूप घातलं आणि संसार केला. चांगला केला, पण ती पिवळी गच्ची काही डोक्यातून गेली नाही.

"अहो, इथली गल्ली न् गल्ली पाठ आहे म्हणायचात ना? मग दाखवा की."

"म्हणूनच म्हणतो, मी सगळं बघितलंय. काही नाही तिथं बघण्यासारखं. तू जा."

"काही नाही? लेकीला तर निम्मं आयुष्य हेच गाव सांगितलंत!"

"अग, जा ना बाई!"

नक्की कुठंतरी पाणी मुरतंय, म्हटलं. जांभळी शाल खांद्यावर टाकली आणि निघाले.

धक्क्यावर गाईड उभी होती. तरतरीत मुलगी, हातात उंच धरलेली पिवळी छत्री. मोठ्या घोळक्यांना मागून दिसावी म्हणून ही माणसं छत्री धरतात; हिच्यासमोर मी एकटी, तरी छत्री वरच. शिवाय बोलताना उलटी चालायची, माझ्याकडे तोंड करून. मनातल्या मनात मी तिचं नाव छत्रीबाई ठेवून टाकलं.

"काकू, एकट्याच? काका नाही आले?"

"काकांना गुडघा आलाय."

"अरेरे. मग आपण आधी किल्ला बघू, तिथून संग्रहालय..."

"किल्ला पळून जात नाही. मला एक गच्ची शोधायचीय. पिवळी. तिच्यावर एक बाई असते."

ज्या गोष्टीबद्दल घरात कधी अवाक्षर काढलं नाही, ती मी त्या परक्या पोरीला गाडीत बसायच्या आत सांगून मोकळी झाले. हे असं का होतं, देव जाणे. छत्रीबाईनं डोळे मोठे केले. किल्ला दाखवून दाखवून तीही विटली असणार.

"आणखी काय सांगायचे काका?" तिनं विचारलं.

मी कोंबडा सांगितला, धुराडी सांगितली.

"घड्याळ तर चौकातच आहे," ती म्हणाली. "चला, तिथून सुरुवात करू. गाडी नको, गल्ल्या अरुंद आहेत."

चौक छान होता. मध्ये फरशी, कडेला बाकं, माणसं वर्तमानपत्र वाचत बसलेली. मनोऱ्याच्या बुडाशी उभं राहून मी मान वर केली. घड्याळ दिसलं, कोंबडाही दिसला. म्हणजे त्याचं पोट दिसलं. शेपटाचा पत्ता नाही. चौकाच्या ह्या टोकाला गेले, त्या टोकाला गेले. समोरच्या इमारती इतक्या अंगावर येतात की मागे सरायला जागाच नाही.

"शेपूट मोडलंय?" छत्रीबाई म्हणाली. "मी रोज इथं उभी राहून ह्या घड्याळाची कहाणी सांगते. मला नाही माहीत!"

तिनं फोनचा कॅमेरा वर रोखून मोठं करून बघितलं. पोटच. शेवटी तिनं घड्याळाला किल्ली देणाऱ्या माणसाला गाठलं. तो मनोऱ्याच्या दारातच डबा खात बसला होता.

"मोडलंय की," तो तोंडातला घास सांभाळत म्हणाला. "फार जुनं. वादळात गेलं. पण खालून कुणाला दिसत नाही, म्हणून कुणी बसवलंही नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आमच्या ह्यांनी."

"कधी वर चढले होते का?"

"ते शिडीवरसुद्धा कुरकुरत चढतात," मी म्हटलं. पण डोक्यात भुंगा लागला. खालून दिसत नाही ते ह्यांना दिसलं कुठून?

बेकरी जवळच होती. वळणावर पोचायच्या आधीच वास आला. काय वास होता! गरम पावाचा, थोडासा करपलेला, गोडसर. सकाळी रागारागात न खाता निघाले होते. पोटात कावळे ओरडायला लागले. रस्त्यावरून धुराडी काही दिसत नव्हती, नुसती भिंत आणि फळीवर मांडलेले पाव. बेकरीवाल्याला विचारलं तर तो चाट पडला.

"तीन धुराडी आहेत खरी. मधलं बंद करावं लागलं, पाखरं काही सोडेनात. पण ते मागच्या छपरावर आहे, बाई. माझ्या गिऱ्हाइकांना नाही ठाऊक."

मी पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि तशीच उभी राहिले. ह्यांनी आम्हाला धुराडी सांगितली, घरटंही सांगितलं. पावाचा वास कधी सांगितला नाही. खाण्याच्या बाबतीत आमचे हे म्हणजे, लग्नाला जाऊन आले तर नवरानवरी आठवत नाहीत, पंगत आठवते. असा माणूस ह्या दारावरून गेला असता, तर लेकीनं गोष्टीत आधी पाव ऐकला असता.

"छत्रीबाई," मी म्हटलं, आणि ती हसली, कारण नाव माझ्या तोंडून निसटलं होतं. "हा माणूस इथं आलाच नाही ग."

"मग गच्ची?"

"आता तर बघायलाच हवी!"

गच्ची चढावर सापडली. पिवळा रंग उडालेला, पण पिवळाच. छत्रीबाईनं कडी वाजवली. दार उघडलं ते माझ्याच वयाच्या बाईनं, हातात ओल्या कपड्यांची बादली. इतकी वर्षं मनात घोटलेलं वाक्य होतं माझ्याकडे, चांगलं धारदार. ते तिथंच विसरले.

"तुम्ही जहाजावरच्या माणसाला हात करता का हो?" एवढंच बाहेर पडलं.

"करते की," ती म्हणाली. "का? काही चुकलं का?"

"कुठल्या माणसाला?"

"असतात कुणी ना कुणी. या ना, वर या. कपडे वाळत घालायचेत."

जिने चढून गच्चीवर गेलो. आणि समोर सगळं! मनोऱ्याचा कोंबडा, शेपूट मोडलेलं, अगदी आभाळावर काढल्यासारखं. बेकरीची तीन धुराडी, मधल्यावर पाखरांची ये-जा. आणि त्या सगळ्याच्या पलीकडे, पाठ आमच्या बाजूला करून जरा तिरकं उभं, आमचं जहाज.

"ते बघा," गच्चीवाली चादर दोरीवर टाकत म्हणाली, "जहाजाच्या मागच्या बाजूला खाली कठडा आहे ना, तिथं कामाच्या कपड्यातली माणसं येतात. काळी झालेली असतात बिचारी. घटकाभर वारा खातात, इकडे बघतात, परत आत जातात. सासूबाई त्यांना हात करायच्या. मी नवी नवरी होते, मला लाज वाटायची. त्या म्हणाल्या, अग, दोरीपाशी हात वर असतोच, जरा हलवला तर काय झिजतो? तेव्हापासून करते."

"इंजिनवाले," छत्रीबाई हळूच म्हणाली. "ते नाही उतरत, काकू. जहाज चालू असताना मशीन उघडता येत नाही. प्रवासी उतरले की ह्यांचं काम सुरू. मी इतकी वर्षं धक्क्यावर छत्री धरून उभी असते, एकही इंजिनवाला माझ्यामागे आला नाही."

मी कठड्याला धरून उभी राहिले. आधी राग आला. काय थापा मारल्या माणसानं! गल्ली न् गल्ली पाठ म्हणे. आणि मी मेली, सुतावरून स्वर्ग गाठून बसलेली, ह्या कपडे वाळत घालणाऱ्या बाईला मनातल्या मनात किती वर्षं शिव्या घालत होते. मग राग कुठं गेला कुणास ठाऊक. तेलानं माखलेला, वाऱ्यासाठी बाहेर आलेला माझा नवरा दिसला, आणि लेकीला नेण्यासाठी दुसरं काही नाही म्हणून छपरं गोळा करणारा. मला रडू आलं. तिथंच, परक्या बाईच्या ओल्या चादरीआड, मी रडले.

मग नाक पुसलं आणि फोन लावला.

"अहो, उठलात का?"

"पडलोय," हे म्हणाले. पण फोनमध्ये वारा घोंघावत होता.

"पडलायत तर वारा कसला?"

मग म्हणाले, "शाल नीट घे. एक टोक लोंबतंय."

म्हणजे दुर्बीण! घरची ती जुनी दुर्बीण ह्यांनी निघताना पेटीत कशाला कोंबली, हे आत्ता कळलं. मी जहाजाकडे बघितलं. सगळे प्रवासी वर, खुर्च्यांवर. हा माणूस एकटाच मागच्या कोपऱ्यात, उभं राहायला मिळेल तितक्या खालच्या मजल्यावर. ठिपक्याएवढा.

"खाली या," मी म्हटलं.

"गुडघा..."

"गुडघ्यालाही घेऊन या."

"अग," ह्यांचा आवाज एकदम बारीक झाला, "मला रस्ता नाही माहीत."

मी हे वाक्य आमच्या संसारात पहिल्यांदा ऐकत होते. हा माणूस चुकलेल्या बसमध्ये बसूनसुद्धा 'हीच बरोबर आहे' म्हणणारा.

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "एक मुलगी पिवळी छत्री घेऊन येतेय. तिच्या मागनं चालायचं. आणि बेकरीवरून आणायला सांगते तुम्हाला."

छत्रीबाई जिने उतरून पळालीच. मी आणि गच्चीवाली राहिलो. मी तिला सगळं सांगितलं, माझा संशयसुद्धा. ती इतकी हसली की चिमटे खाली पडले.

"अहो, मला तर त्यांचे चेहरेसुद्धा दिसत नाहीत!"

बऱ्याच वेळानं छपरांच्या फटीत पिवळी छत्री दिसली. तिच्यामागे आमचे हे. सावकाश, भिंतीला हात लावत, जत्रेत आलेल्या मुलासारखे सगळीकडे बघत. चौकात थांबून त्यांनी मान वर केली. कोंबड्याचं पोट बघून चांगलेच गोंधळले असणार. बेकरीच्या वळणाला गेले ते बाहेर येईचनात. छत्री एकटीच पुढे आली, थांबली, परत मागे गेली.

शेवटी जिन्यावर धाप ऐकू आली. वर आले तेव्हा बगलेत पाव, मिशीवर पावाचा चुरा, आणि मान खाली. माझ्याकडे बघेनात.

"सांगायचं होतं तुला," म्हणाले. "पण लेक विचारायची ना, बाबा, गावात काय बघितलं? काहीच नाही, असं कसं म्हणणार? मग सांगत गेलो. ती इतकी टाळ्या वाजवायची, की मागे फिरताच येईना."

"आणि मला?"

"तुला काय सांगणार, की जगभर फिरलो आणि कुठंच उतरलो नाही?"

मी त्यांच्या मिशीवरचा चुरा झटकला. तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली, गच्चीवालीला नमस्कार केला, आणि वळले.

मला वाटलं, आता कोंबडा बघतील. पण ते जहाजाकडे बघत राहिले. सबंध जहाज, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढरंशुभ्र, खिडक्यांच्या रांगाच रांगा.

"एवढं असतं?" ते म्हणाले. "मी बाहेरून कधी असं बघितलंच नाही ग. आपण धक्क्यालगतच्या लहानशा दारातून आत शिरायचं, आणि खाली." त्यांनी पाण्यालगतच्या काळ्या पट्ट्याकडे बोट केलं. "मी तिथं असायचो. त्या तिथं."

तेवढ्यात मागच्या खालच्या कठड्याशी कुणीतरी आलं. कामाचे कपडे, हातात फडकं. कठड्यावर ओणवून उभं राहिलं.

ह्यांनी पाव माझ्या हातात दिला आणि दोन्ही हात वर केले. हलवले, जोरजोरात, चवड्यांवर उभं राहून. गुडघा कुठं गेला होता कोण जाणे. पलीकडचा माणूस आधी तसाच उभा. मग त्याचंही फडकं वर गेलं.

"दिसलो त्याला!" हे ओरडले. डोळे भरले होते, पुसायला हात मोकळा नव्हता. "दिसलो! तूही हलव की!"

मी पाव गच्चीवालीकडे दिला आणि ह्यांना अगदी खेटून उभी राहिले. म्हटलं, त्या माणसाची बायकोही उद्या कुठल्यातरी स्वयंपाकघरात त्याची गोष्ट कान देऊन ऐकेल. तिला कळू दे, गच्चीवर दोघं होती. आणि दोन्ही हात वर केले.