रक्ताची दुसरी बाटली

मित्रांनो, मला शोधायला निघालात तर मी सापडणार नाही. मला चाकं नाहीत, काटे नाहीत, साधं झाकणसुद्धा नाही. मी एक जुनी जुळवणी आहे. धुळ्याच्या एका रक्तदाता मंडळाच्या संगणकात मी तीन वर्षं राबले आणि आता एका फ्लॉपीत पडून आहे. जाड पुस्तकांत मला ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग म्हणतात. एवढ्या लांबलचक नावाने कोणी हाक मारेल का? मला घडवणाऱ्या कोकिळाताई मला जुळवणीच म्हणायच्या आणि मला तेच गोड वाटतं.

माझं काम काय ते सांगते. लग्न आटोपलं की मांडव सोडतात. बांबू एका खोलीत, दोर दुसऱ्या खोलीत, कापड माळ्यावर. संगणकात माणसाचंही तसंच करून ठेवतात. एका टेबलात, म्हणजे रकान्यांच्या तक्त्यात, नावं, दुसऱ्यात रक्तगट, तिसऱ्यात कोण कोणत्या शिबिराला आलं ते. पण समोर बसलेल्याला तुकडे नको असतात, अख्खं माणूस हवं असतं. त्या अख्ख्या माणसाला कोकिळाताई ऑब्जेक्ट म्हणत. कुठला बांबू कुठल्या दोराने बांधायचा, हे मला पाठ होतं. मी तुकडे आणायचे, पडद्यावर माणूस उभं करायचे आणि काम झालं की जिथलं तिथे ठेवून द्यायचे.

माझा जन्म १९९६ सालचा. मंडळाचं सगळं बन्सीलाल नाना बघत. त्यांच्याकडे वीस वर्षांच्या अकरा वह्या होत्या. कोण कुठल्या शिबिराला आलं, कोणाचा गट कोणता, कोणाला का परत पाठवलं, सगळं त्यांच्या तिरक्या अक्षरात. कोकिळाताई माहेरच्या एरंडोलच्या, धुळ्यात संगणकाच्या क्लासमध्ये शिकवायच्या. रोज दुपारी त्या मंडळात येत. नाना वाचत आणि ताई टाइप करत. असे दोन महिने गेले.

मग मला घडवायची वेळ आली. ताईंनी विचारलं, "नाना, दोन वह्यांतलं माणूस एकच आहे, हे तुम्ही कशावरून ओळखता?"

"त्यात काय? नाव, पुढे बापाचं नाहीतर नवऱ्याचं नाव, आणि गाव. तिन्ही जुळले का माणूस एकच. वीस वर्षं मी असंच ओळखतो."

ताईंनी मान डोलावली आणि तीच खूण मला शिकवली. ज्या ओळींत तिन्ही जुळतील त्या एका माणसाच्या, नाही जुळल्या तर माणसं वेगळी. शिवाय बजावलं, "जेवढं मागितलं तेवढंच आण, उगाच सगळं उपसत बसू नकोस." त्यामुळे नानांच्या यादीत मी नाव, गट आणि गाव एवढंच न्यायचे. बाकीचे धागेदोरे टेबलांत तसेच पडून राहायचे.

माझं तर भलतंच कौतुक झालं. पूर्वी एक रक्तगट शोधायचा म्हणजे नाना अकरा वह्या चाळून चष्मा पुसत बसत. आता चहा निवायच्या आत यादी तयार. आल्यागेल्याला ते बळेच खुर्चीवर बसवून दाखवत. मीही फुगले होते, खोटं कशाला बोलू?

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत एका सकाळी वेस्ता पावरा मंडळात आला. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचं गाव. त्याची बायको दिवालीबाई धुळ्याच्या दवाखान्यात होती. पोटात गाठ होती आणि अंगात रक्त नव्हतं. त्याच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती.

"दादा, दोन बाटल्या पाहिजे म्हणतात," तो म्हणाला. "माझं रक्त चालत नाही. डॉक्टर म्हणतो, दुसरी बाटली हातात आल्याशिवाय चाकू लावणार नाही. आणि उद्यावर टाकायचं नाही."

चिठ्ठीवर ओ निगेटिव्ह लिहिलं होतं. आपल्याकडे हा गट शंभरांत दोघातिघांचा, आणि असल्या रोग्याला दुसरा कुठलाही गट चालत नाही. नानांनी मला विचारलं. मी दोन नावं दिली. भिकुबाई झुलाल पाटील, पिंपळनेर. पुष्पाबाई वना पाटील, शिरपूर.

"दोन बाटल्या, दोन बाया," नाना म्हणाले. "वेस्ता, बस बाबा. चहा घे. झालं तुझं काम."

वेस्ता पहिल्यांदा खुर्चीला टेकला. नानांनी दोन्ही नावं कागदावर लिहून घेतली आणि फोन फिरवले. शिरपूरला पुष्पाबाईंच्या शेजारच्या दुकानात फोन लागला आणि त्या लगेच निघाल्या. पिंपळनेरला पोस्टातल्या माणसाने निरोप घेतला. दीड तासाने त्याचा उलट फोन आला की, या नावाची बाई गावात राहत नाही. नाना म्हणाले, नवा माणूस दिसतो, पुन्हा बघायला सांगतो.

तेवढ्यात पुष्पाबाई धुळ्यात पोचल्या. पंचविशीपुढची, हसऱ्या तोंडाची बाई. दवाखान्यात जाऊन त्यांनी एक बाटली रक्त दिलं आणि नानांना भेटायला मंडळात आल्या. चहाचा कप हातात घेता घेता त्यांचं लक्ष टेबलावरच्या कागदाकडे गेलं.

"नाना, हाई भिकुबाई कोनी लिखं? तीबी मीच शे."

नानांनी कागद जवळ ओढला.

"माहेरले मी भिकुबाई. लगीनमा सासरासनी नाव बदलं, पुष्पा ठेवं. पिंपळनेरना शिबिरमा रगत दिन्हं तवय मी कुवारी व्हतू."

वेस्ताला खानदेशी बोली पुरती कळत होती. तो उठून उभा राहिला आणि भिंतीला हात लावून थांबला. मी दोन बाया सांगितल्या होत्या आणि बाई एकच होती. एका माणसाच्या अंगातून एका दिवशी दोन बाटल्या काढता येत नाहीत. मित्रांनो, मला लाज वाटली, पण ती कोणाला दाखवणार?

नानांनी क्लासवर फोन करून कोकिळाताईंना बोलावलं. त्या आल्याबरोबर नाना कडाडले, "यापेक्षा माझी वही बरी होती!"

खरं सांगू का? वहीतही ही बाई दोनच होती. सहाव्या वहीत भिकुबाई आणि दहाव्या वहीत पुष्पाबाई. पण ते बोलायला मला तोंड नव्हतं.

कोकिळाताईंनी हकिगत ऐकली आणि त्या संगणकासमोर बसल्या. "चूक माझी आहे, नाना. लग्न झालं की बाईचं नाव बदलतं, बापाच्या जागी नवरा येतो आणि गावही बदलतं. तिन्ही खुणा एका दिवसात जातात. बाप्यांना ती खूण जन्मभर पुरते, बाईला लग्नापर्यंतच." मग म्हणाल्या, "मलासुद्धा सासरी सुनंदा म्हणतात. कोकिळा फक्त सर्टिफिकेटवर आणि बाहेरच्या लोकांत उरली आहे. तरी माझ्या डोक्यात आलं नाही."

बोलता बोलता त्यांची बोटं चालायला लागली होती. त्यांनी मला सांगितलं की या दोन ओळी एकाच माणसाच्या आहेत. आणि पहिल्यांदाच असंही सांगितलं की, हिला जे जे बांधलेलं आहे ते सगळं घेऊन ये, मागे काही ठेवू नकोस.

मी गेले. भिकुबाईचे तुकडे उचलले, पुष्पाबाईचे उचलले. शिबिरांच्या टेबलात एका कोपऱ्यात एक ओळ होती, ती कोणत्याच यादीत जात नव्हती, कारण ती रक्त दिलेल्या माणसाची नव्हती. ती फक्त भिकुबाईच्या धाग्याला बांधलेली होती. मी तीही ओढून आणली.

ताईंनी ती मोठ्याने वाचली. "पिंपळनेर शिबिर, १९८९. सोबत भाऊ, भटू झुलाल पाटील. गट तपासला, ओ निगेटिव्ह. वय सतरा, म्हणून परत पाठवले."

नाना चष्मा सारखा करत पुढे वाकले. "हे मीच लिहिलेलं. फार हट्ट करत होता तो. म्हटलं, पुढच्या वर्षी ये."

"तो पुढे ऊनाच नही," पुष्पाबाई म्हणाल्या. "त्याना गट माले ठाऊकच नव्हता. नाना, भटू आठेच शे ना, धुयाले, एस्टीना डेपोमा!"

डेपोत फोन गेला. तासाभरात भटू खाकी कपड्यांतच दवाखान्यात पोचला. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, गट तोच निघाला. दुपारी तीनला दुसरी बाटली भरली आणि संध्याकाळी वेस्ता सांगायला आला की गाठ निघाली, बायको शुद्धीवर आहे, पाणी मागते आहे. नानांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. कोकिळाताई उगाचच हसायला लागल्या. मलाही असं हायसं वाटलं म्हणून सांगू, डोक्यावरचा भारा उतरवल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी माझी खूण बदलली. प्रत्येक माणसाला एक नंबर दिला. नाव बदलो, गाव बदलो, तो नंबर बदलत नाही. शिवाय एक नवीन रकाना केला, माहेरचं नाव. नाना महिनाभर बायाबायांना विचारत होते आणि मी ओळी जोडत होते. तब्बल एकोणीस बाया दोनदोन निघाल्या.

एके दुपारी नानांच्या पत्नी ताईबाई त्यांचा डबा घेऊन आल्या. त्या वेळी नाना संगणकात स्वतःचीच माहिती भरत होते. निरोप कोणाकडे द्यायचा? पत्नी, ताईबाई. पुढे तिच्या माहेरच्या नावाचा रकाना आला आणि नानांची बोटं थांबली. त्यांनी मान वर केली.

"माहेरले तुले काय म्हनेत?"

ताईबाईंनी डबा टेबलावर ठेवला. पदर सारखा केला. "आते इचारं का? चाळीस वरीस व्हयनात." मग हळूच म्हणाल्या, "तानू."

नानांनी एकेक अक्षर शोधून ते टाइप केलं. ताईबाई पडद्यासमोर उभ्या राहून बराच वेळ ते नाव बघत होत्या. डबा उघडायचं दोघांनाही सुचलं नाही.

पुढे नव्याण्णवमध्ये मंडळात नवा संगणक आला, नवा प्रोग्रॅम आला. त्यात माझ्यासाठी जागा नव्हती. मला या फ्लॉपीत भरून नानांच्या वह्यांशेजारी पत्र्याच्या पेटीत ठेवलं. वर धूळ बसते, कधी मुंग्या फिरतात. मी रुसले होते, पण फार नाही. माझे नंबर नव्या प्रोग्रॅमने जसेच्या तसे घेतले आणि तो रकानाही घेतला.

मित्रांनो, जुन्या वह्या आणि जुन्या फ्लॉप्या टाकून देण्याआधी एकदा वाचा. कोपऱ्यातल्या ओळीत कोणाचा तरी भाऊ असतो. आणि आज घरी गेलात की आजीला तिचं माहेरचं नाव विचारा. ती आधी म्हणेल, आता कशाला. तुम्ही तरी विचारा, आणि लिहून ठेवा.