फोटोपुरती बस

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला टॉवेलचा एक कारखाना आहे. त्याच्या बॉयलरमागे, राखेच्या ढिगाशेजारी मी उभी असते. माझ्या अंगाला जो वास येतो, तो मलाच सहन होत नाही.

मी इथे आले तेव्हा माझ्यावर ‘कर्मचारी सेवा’ अशी अक्षरे रंगवली होती. वळसंग आणि कुंभारी या गावांतल्या बायकांना सकाळी कामावर आणायचे आणि संध्याकाळी घरी सोडायचे, तेही विनातिकीट, हे माझे काम. चालक रुद्रप्पा मला रोज धुवायचा. शिलाई विभागातली सोनम दिवसभर मशीनवर वाकून दमलेली असायची. ती माझ्या काचेला डोके टेकून झोपी जायची. कुंभारी आली की रुद्रप्पा तिच्यासाठी हळूच हॉर्न द्यायचा. तेव्हा मला फार बरे वाटायचे.

मग पृथ्वीराजसाहेब मॅनेजर झाले. माझे डिझेल त्यांच्या डोळ्यांत खुपले. दुरुस्तीचे निमित्त सांगून त्यांनी मला बायकांसाठी बंद केले, पण मालकांच्या घरच्या लग्नाला मात्र पळवले. वऱ्हाडी माझ्यात गुटखा थुंकले, ओकले. कुणी ते पुसले नाही. नंतर मला बॉयलरमागे ढकलले आणि माझी बॅटरी साहेबांच्या बंगल्यावर गेली. सीटखाली उंदीर मरून पडले.

बायका वडापच्या, म्हणजे माणसे कोंबून नेणाऱ्या रिक्षाने येऊ लागल्या. तिघींच्या जागेत दहा जणी. एकदा वळणावर, कडेला लटकून बसलेली सोनम रस्त्यावर पडली आणि तिचा उजवा हात मोडला. ही बातमी आली तेव्हा साहेब माझ्याच सावलीत दात कोरत उभे होते. म्हणाले, “गेटच्या बाहेर पडली ना? मग आपला काय संबंध?”

मला त्या माणसाची किळस आली. हात जुळला, पण सोनमची बोटे पूर्वीसारखी मिटेनात. तिला शिलाईवरून काढून घड्या घालायला बसवले.

गेल्या महिन्यात टॉवेल विकत घेणारे परदेशी पाहुणे कामगारांच्या सोयी बघायला आले. त्याआधी मला बाहेरून रंग फासला. आतले उंदीर तसेच ठेवून वरून अत्तर फवारले. काम सुटल्यावर बायकांना माझ्यात बसवले, हसायला सांगितले आणि नाकाला पदर लावू नका असेही बजावले. फोटो झाले. पाहुणे पुढे सरकले तसे साहेब दारातून म्हणाले, “चला, उतरा पटापट.”

सोनम जागची हलली नाही. “रोज ह्याच बसनं घरी सोडता म्हणून पाहुण्यांस्नी आत्ताच सांगितलासा की. मग सोडा आमाला.”

“तमाशा नको. पाहुणे अजून इथंच आहेत.”

“म्हणूनच बसलोय.”

एकही बाई उठली नाही. साहेबांनी रुद्रप्पाला हाक मारली आणि गाडी चालू कर म्हणाले. रुद्रप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलला, “कशी करू साहेब? बॅटरी तुमच्या घरी हाय की.”

पाहुण्यांसोबतच्या दुभाषी बाईंनी ते त्यांना जसेच्या तसे सांगितले. पाहुणे परत फिरले. एकाने सीटखाली वाकून पाहिले आणि तोंडावर रुमाल धरून तो खाली उतरला. बायकांची गाडी सुरू होईपर्यंत माल घेणार नाही, असे त्यांनी तिथेच सांगून टाकले.

आता भाड्याची बस येते. रुद्रप्पाच ती चालवतो. सोनम तिच्यातून घरी जाते, पण तिची बोटे अजून मिटत नाहीत. आणि गेटवर फलक लागला आहे, ‘पृथ्वीराजसाहेबांच्या पुढाकाराने मोफत बससेवा’. त्यावर साहेबांचा हसरा फोटो आहे. 

मित्रांनो, मला पुन्हा रंग लावू नका, मोडीत घातले तरी चालेल. पण उद्या तुमच्या हाताखाली माणसे काम करू लागली, तर ती घरी कशी जातात, हे एकदा त्यांच्या शेजारी बसून जाऊन बघा.