परत केलेलं तिकीट

कुलूपराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कारखान्याच्या स्टोअरमध्ये अख्खी नोकरी काढली आणि सहीशिवाय एक स्क्रू बाहेर जाऊ दिला नाही, म्हणून कामगारांनी ठेवलेलं नाव. निवृत्तीच्या दिवशी किल्ल्या दिल्या, पण सवय कसली सुटतेय! ती त्यांच्याबरोबर परदेशात आली आणि तिथे घेतलेल्या जुन्या कॅम्परव्हॅनमध्ये ऐसपैस राहू लागली.

त्यांची बायको म्हणजे बाई. शाळेत भूगोल शिकवला, म्हणून सगळ्यांच्याच बाई. राहतं घर सहा महिन्यांसाठी भाड्याने दिलं होतं आणि त्याच भाड्यावर ही भटकंती चालली होती. कुलूपरावांचं म्हणणं एकच, "अगं, भाडेकरू निघेपर्यंत आपल्याला परतायला घर नाही. इथे पैसे संपले तर जायचं कुठे?" त्यांची भीती खरी होती. ते बाईंनाही कळत होतं, म्हणून त्यांनी कुरकुर न करता संसार आटोपशीर केला. डिझेल वाचावं म्हणून गाडी ट्रकच्या मागे रखडत न्यायची. मुक्कामाच्या जागेचं भाडं नको म्हणून दुकानाच्या मागच्या मोकळ्या जागेत झोपायचं. पाणी पेट्रोल पंपावर भरायचं, अंघोळ पोहण्याच्या तलावावर, आणि पाव दुकान बंद होताना निम्म्या किमतीत मिळेल तो. बटाटे तर इतके खाल्ले की बटाट्याचं नाव काढलं तरी बाईंच्या अंगावर काटा यायचा.

पण बघायचं काय? किल्ला आला की कुलूपराव म्हणत, "पुढे स्वस्त मिळेल." बर्फाच्या डोंगरावर जाणारा पाळणा आला, "पुढे स्वस्त मिळेल." असं पुढे पुढे करत एका सकाळी रस्ताच संपला. समोर धक्का, धक्क्यापलीकडे समुद्र.

आणि धक्क्यावर देवमासे दाखवणारी बोट.

वर्षानुवर्षं बाईंनी फळ्यावर देवमासा काढला होता. मागच्या बाकावरची पोरं विचारायची, "बाई, तुम्ही पाहिलाय?" आणि बाई म्हणायच्या, "पाहीन." ही सफर त्यांनी त्या एका शब्दासाठी मान्य केली होती. तिकीट खिडकीवर पाटी होती, आजची दुपारची फेरी मोसमातली शेवटची.

"अहो, आता पुढे पाणी आहे. आता काय स्वस्त मिळणार?"

"परतताना दुसऱ्या किनाऱ्यावरून बघू की."

"त्या किनाऱ्याला देवमासे येत नाहीत. भूगोल मी शिकवलाय."

कुलूपरावांचा हात आतल्या खिशावर गेला. बँकेचं कार्ड तिथे होतं.

गाडीच्या टपावरून बाईंनी कापडी मांडव खाली काढला. गाडीच्या दारावर ताणायचा, नवाकोरा. खराब होईल म्हणून कुलूपरावांनी तो एकदाही उघडला नव्हता. शेजारच्या गाडीत एक प्लंबर होता, त्याचा मांडव वाऱ्याने फाटला होता. बाईंनी हातवारे करून सौदा केला, पैसे मोजून घेतले आणि थेट खिडकी गाठली. दोन तिकिटं काढली.

"हे तुमचं," त्या म्हणाल्या.

"मांडव विकलास?" कुलूपरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

"विकला. चला, वर या."

बाई फळीवरून बोटीत चढल्या, जागा धरली, शेजारी पिशवी ठेवली आणि वाट बघत बसल्या. भोंगा झाला तरी माणसाचा पत्ता नाही. डोकावून बघतात तर काय, कुलूपराव खिडकीपाशी उभे! तिकीट परत करून नोटा खिशात घालत होते. वर हसून ओरडले, "तू बघून ये गं! दोघांनी कशाला बघायला हवं? मला येऊन सांग!"

बाईंच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. क्षणभर वाटलं, उतरावं आणि चांगलं खडसवावं. पण उतरल्या नाहीत. पिशवी मांडीवर घेतली आणि कठडा घट्ट धरून बसल्या.

खूप वेळ नुसत्या लाटा. मग बोटीच्या अगदी जवळ पाणी उचललं गेलं आणि एक काळीभोर पाठ वर आली. येतच राहिली, संपेचना. मोठा सुस्कारा सुटला, बाईंच्या तोंडावर तुषार उडाले. शेपूट उभं राहिलं आणि हळूच खाली गेलं. बोटीतली सगळी माणसं ओरडत होती, ज्याने त्याने शेजाऱ्याचा दंड धरला होता. बाईंनीही हात पुढे केला. शेजारी कोणी नव्हतं.

बोट परतली तेव्हा कुलूपराव धक्क्यावर पुढेच उभे होते.

"दिसला?"

"दिसला."

"केवढा होता?"

बाईंनी हात पसरले, पुन्हा पसरले, मग खाली सोडले. "नाही सांगता येत. तुम्ही हवे होतात हो. त्या वेळी शेजारी तुम्ही हवे होतात, आणि नव्हतात."

कुलूपराव वळले आणि या वयात चक्क धावले. तिकीट देणारी मुलगी खिडकी बंद करत होती. त्यांनी त्याच नोटा तिच्यापुढे धरल्या. तिने मान हलवली, समुद्राकडे बोट केलं, पुढच्या वर्षी अशी खूण केली आणि कडी घातली. तरी ते नोटा धरून उभेच.

बाई मागून आल्या. रागावायचं ठरवलं होतं, पण नवऱ्याचं तोंड बघून जमेना. मात्र हात पुढे केलाच.

"कार्ड द्या."

कुलूपरावांनी आतल्या खिशातून कार्ड काढून त्यांच्या हातावर ठेवलं. वर नोटाही ठेवल्या.

"परतीच्या वाटेवर गाडी कुठे थांबवायची," ते खाली बघत म्हणाले, "ते तू सांग."

"सांगते. पैसे पुरवायचं माझ्याकडे लागलं. बटाटे खाऊ, दुकानामागे झोपू, सगळं करू. पण तिकिटं दोन निघतील. आणि त्यातलं एक परत केलंत ना, तर गाठ माझ्याशी आहे!"