तिसरी आणि शेवटची व्याख्या

ज्याची व्याख्या करता येत नाही, त्याला भाषेत राहण्याचा अधिकार नाही, असं कोशकाकांनी शब्दकोशाच्या कचेरीत उभं राहून जाहीर केलं. ऐकायला त्यांची पुतणी तेवढी होती. ती त्यांची सहायकही होती. तिने हातातल्या चिठ्ठ्या चाळल्या आणि विचारलं, "मग काका, ‘वाट पाहणे’ काढून टाकू?"

काका खाली बसले.

नियम त्यांचाच होता. तीस वर्षांपूर्वी, ऐन उमेदीत, त्यांनी तो कचेरीच्या गळ्यात बांधला होता. प्रत्येक व्याख्या बाहेरच्या एखाद्या माणसाला वाचून दाखवायची, शब्द मात्र सांगायचा नाही. ऐकणाऱ्याने शब्द ओळखला तर व्याख्या पास. तीनदा नापास झाली, तर शब्दच कोशातून बाद. आजवर अकरा शब्द असे गेले होते. त्यात ‘नम्रता’ही होती, पण तिची उणीव कचेरीत कुणालाच भासली नव्हती.

‘वाट पाहणे’ दोनदा नापास झाला होता. शेवटचा खंड चार वाजता छापखान्यात जायचा होता आणि आता तीन वाजून गेले होते. माणसं रोज जे करतात तेच ज्यात नाही, असा कोश आपल्या नावावर राहणार, हे काकांना सहन होण्यासारखं नव्हतं. पुतणीने सुचवून पाहिलं की या एका शब्दापुरता नियम गुंडाळून ठेवू. काकांनी तिच्याकडे अशी नजर टाकली की ती मुकाट्याने स्वल्पविराम तपासायला लागली.

ऐकणारं माणूस म्हणजे तळमजल्यावरच्या बाइंडरबाई. बावीस वर्षं पुस्तकांच्या पाठी बांधत होत्या, आणि समोरच्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणं त्यांना जमत नसे. म्हणूनच काकांनी त्यांना निवडलं होतं, आणि म्हणूनच मधूनमधून काकांना पस्तावायला होई. ‘अपेक्षित घटना घडेपर्यंत काहीही न करता एका जागी थांबणे’ हे सोमवारी ऐकून बाई म्हणाल्या होत्या, नोकरी. काकांनी दोन दिवस घासूनपुसून ‘अनिश्चित फलाच्या आशेने केलेला कालक्षेप’ असं केलं. बाईंनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, संसार.

आता तिसरा कागद घेऊन काका जिना उतरले. त्यावर साडेचार ओळी होत्या आणि त्यातल्या तीन त्यांच्या त्यांनाच कळत नव्हत्या. बाई स्टुलावर बसल्या होत्या. समोर दोन फळ्यांच्या दाबात एक जाडजूड पुस्तक होतं. पाठीला चिकटवायची ओली खळ लावलेली, आणि त्यावर बाईंचं उलटं बोट अलगद टेकलेलं.

"बरं झालं, रिकाम्याच आहात," काका म्हणाले.

"रिकामी?" बाईंनी मान वळवली नाही. "खळ सुकतेय, गुरुजी. आत्ता सोडलं तर पाठ निखळेल, उशीर केला तर पुस्तक उघडायचं नाही. मी काही करत नाहीये, पण इथून हलायची सोय नाही."

काका ते बोट बघत राहिले. ते दाबत नव्हतं, खरवडत नव्हतं, नुसतं विचारत होतं. बावीस वर्षं हे जिन्याखाली चाललंय आणि आपण वर बसून ‘काहीही न करता’ लिहितो, याची त्यांना लाज वाटली, पण त्याहून जास्त कौतुक वाटलं. त्यांनी साडेचार ओळींचा कागद खिशात कोंबला आणि समोर बघतच म्हणाले, "घाई करून चालत नाही अशा गोष्टीपाशी, तिच्यावर लक्ष ठेवून राहणे."

काकांना हात कुठे ठेवावेत कळेना. मागे घेतले, पुढे घेतले. भिंतीवरचं घड्याळ साडेतीन दाखवत होतं. बाईंनी बोट उचललं, बघितलं, पुन्हा टेकवलं.

"वाट पाहणे," त्या म्हणाल्या. "नाहीतर काय?"

मागोमाग जिन्यात आलेल्या पुतणीने तिथूनच टाळी वाजवली, व्याख्या चिठ्ठीवर उतरवली आणि ती घेऊन छापखान्याकडे पळाली. काकांना भरून आलं. मग त्यांनी, सवयीप्रमाणे, भाषण केलं. अर्थ पुस्तकात नसतो, तो करणाऱ्याच्या हातात असतो. आपण आयुष्यभर शब्दांच्या मागे लागलो, आणि शब्द मात्र इथे स्टुलावर बसून काम करत होते. आज आपल्याला गुरू भेटला.

बाईंनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग फळ्या सैल केल्या, पुस्तक बाजूला ठेवलं आणि शिवणीचा सुईदोरा पुढे केला.

"झालं ना? मग एवढी सुई ओवून द्या, गुरुजी. मला हल्ली भोक दिसत नाही."