हट्टी सर्व्हर

सरांनी टेबलाखाली वाकून सर्व्हरची वायर काढली, थोडा दम घेतला आणि पुन्हा खोचली. हिरवा दिवा लागला. टीव्हीवर मात्र पुन्हा तेच पान आलं : ‘स्वागत आहे. चला, सुरुवात करूया.’

“कसली सुरुवात, डोंबलाची!” सर पुटपुटले.

नोकरीसाठी दूर जाताना धाकटीने हा सर्व्हर बसवून दिला होता. सिनेमे, गाणी, घरच्या सहलींची चित्रणं, सगळं त्यात. इथे सर बघायचे, तिकडे ती. परवा सरांनी अपडेटचं बटण दाबलं आणि सगळं मुसळ केरात गेलं. याद्या गेल्या, दोघांची खाती गेली, कुठला सिनेमा कुठवर पाहिला त्याच्या खुणाही गेल्या.

तेव्हापासून ती रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करत होती. एरवी तिचा फोन म्हणजे तब्येत, औषधं, ठेवते. आता यंत्र सुरू होईपर्यंत बोलणं भागच होतं. काल तिने नव्या साहेबाची अशी नक्कल केली, की सरांना हसता हसता ठसका लागला.

“सेटिंग पुसलं नसणार, बाबा,” ती म्हणाली होती. “कुठेतरी असेल. उद्या शोधू.”

आज फोन यायच्या आधीच सरांना ते सापडलं. अपडेटनंतर सर्व्हर वेगळ्याच नावाने चालू झाला होता आणि त्या नावाच्या रिकाम्या फोल्डरात सेटिंग शोधत बसला होता. जुनं फोल्डर शेजारीच धडधाकट. काखेत कळसा नि गावाला वळसा! सरांनी सर्व्हर थांबवला, जुनं सगळं नव्या जागी उतरवलं, ते उघडायची परवानगी नव्या नावाला दिली आणि सर्व्हर सुरू केला. पडद्यावर एकेक पोस्टर उगवत गेलं.

“जमलं!” ते मोठ्याने म्हणाले.

आत फ्रीज घरघरला, तेवढंच.

त्यांनी फोन उचलला. नंबर काढला. मग फोन पालथा ठेवून दिला आणि खुर्चीत बसून राहिले.

बऱ्याच वेळाने तो वाजला.

“काय बाबा, झालं का सुरू?”

सरांनी टीव्हीकडे पाठ केली. “नाही गं. फार हट्टी आहे.”



“असू दे. जेवलात का?”

मग ती वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याबद्दल सांगू लागली. तो हल्ली ट्रम्पेट शिकत होता. ना सूर, ना ताल. हसता हसता सर वळले. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं होती. त्यांनी चष्मा लावला. ‘सध्या पाहणारे : एक.’ खाली धाकटीचं नाव आणि समुद्रावरच्या सहलीचं चित्रण. ते अर्ध्याच्या पुढे गेलेलं होतं.

“बाबा? आहात ना?”

“आहे, आहे.”

“मग उद्या परत बघू या. एका दिवसाचं काम नाही ते.”

“छे गं,” सर म्हणाले. “पुष्कळ दिवस लागतील.”