जावयाने बसवलेली पन्हळ

कपाटातल्या रजया पुन्हा ओल्या झालेल्या पाहिल्या आणि माईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुन्या घराचं आणि नव्या खोलीचं छप्पर जिथे एकमेकांना मिळतं, त्या खाचेतली पत्र्याची पन्हळ गेल्या वर्षी जावयाने बदलली होती. जावयाचा धंदाच छपरांचा. तरी तेव्हापासून पाऊस आला की पाणी नेमकं या कपाटात.

वर्षभर माईंनी त्याला उभाआडवा घेतला होता. तो जेवायला बसला की सुरू, "जगाची घरं कोरडी करतो, सासूचं तेवढं ओलं ठेवतो." तो मान खाली घालून घास गिळायचा. मुलगी तर माहेरी येईनाशीच झाली. माईंचे यजमान म्हणायचे, "अगं, जावई आहे. तोंड सांभाळ जरा."

"आज नाही सांभाळणार," असं म्हणून माईंनी जावयाला बोलावून घेतलं आणि त्याच्यामागोमाग स्वतःही शिडी चढल्या. साठी उलटली होती, पण त्या दिवशी कुरकुरायची गुडघ्यांचीही हिंमत झाली नाही.

जावयाने कडेची कौलं काढली, पत्रा उचकटला. खालची फळी काळीठिक्कर पडली होती, पत्र्याचे खिळे तिच्यात सैल झाले होते. माईंनी दाबून पाहिलं, तर बोट आत गेलं.

"सडक्या फळीवर पत्रा ठोकलास? लाज नाही वाटली?"

आता मात्र जावई भडकला. "वाटली ना! मी म्हटलं होतं, फळी बदलू, दोन दिवस लागतील. बाबा म्हणाले, उद्या पाहुणे येणार आहेत, झाकून टाक. आणि माईला सांगू नकोस, ती घर डोक्यावर घेईल. मी शब्द दिला, आणि वर्षभर तुमची बोलणी खातोय!"

माईंनी खाली पाहिलं. शिडी धरून उभे असलेले यजमान भिंतीकडे बघत होते.

"अहो, खरं का हे?"

"मला वाटलं, टिकेल."

"तुमच्यादेखत मी याला नाही नाही ते बोलले! पोरीने घराकडे पाठ फिरवली! आणि वर मलाच शिकवत होतात, तोंड सांभाळ म्हणून?" काढून ठेवलेलं एक कौल उचलून त्यांनी अंगणात आपटलं. यजमान दचकून मागे सरले.

"शिडी सोडू नका! तुमच्यापायी हाडं मोडून घ्यायची नाहीत मला!"

जावयाने नवी फळी ठोकली, नवा रुंद पत्रा बसवला. माईंनी वरून बादलीभर पाणी ओतलं. ते सरळ खाली वाहून गेलं. आत कपाटात एक थेंबही पडला नाही.

"चुकलं माझं," माई जावयाला म्हणाल्या. "पण तूही बोलायचं होतंस रे."

"तुम्ही बोलू दिलंत कधी?"

माईंना हसू येत होतं, पण यजमान दिसले आणि ते विरलं. खाली उतरून त्यांनी फोन यजमानांच्या हातात दिला.

"लावा पोरीला. काय केलंत ते तुमच्या तोंडाने सांगा."

यजमान अडखळत बोलले. पलीकडून मुलीचा आवाज इतका चढला, की माईंना चार हातांवरून शब्दन् शब्द ऐकू आला. यजमानांनी मदतीसाठी त्यांच्याकडे पाहिलं. माई हाताची घडी घालून उभ्याच राहिल्या.