मोहाखालची वाट

पर्यटकांची वाट थेट मोहाच्या झाडाखालून काढायची, हे शहाणपण आमच्या समितीलाच सुचू शकतं. वाट आखली पौषात. ग्रामसभेची माणसं, वनरक्षक अतुल, बचत गटाच्या बाया, सगळे सोबत हिंडले. सोमारीबाईच्या मोहाखालची जमीन स्वच्छ, सपाट दिसली. "वाट इथूनच," अतुल म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथलं झुडूप दरसाल सोमारीबाई काढते, म्हणून ती जमीन तशी, हे कुणी बोललं नाही.

झाड जंगलातलं, पण फुलं वेचायचा हक्क तिच्या घराचा. वर्षाचं मीठ-तेल त्यावरच निघतं. तरी ती सभेत गप्प बसली, कारण पाहुण्यांना फिरवायचं काम तिच्या सुनेला, प्रियाला मिळालं होतं. नवरा गेल्यापासून प्रिया त्या दिवशी पहिल्यांदा हसली होती.

चैत्रात पहिले पाहुणे आले, नागपूरचे. पक्षी पाहायला उजाडताच निघाले. वळणावर प्रिया थबकली. झाडाखाली सगळीकडे मोहफुलं पडली होती आणि सासू घाईघाईनं वेचत होती, तीही फक्त वाटेवरची.

"आत्याबाई, हे काय करून राह्यल्या?"

"तुया पावण्याईचे पाय घसरतीन ना. हो बाजूले, झालंच."

प्रियाला भरून आलं. फोटो काढायला माणसं थोडीच वाटेवर राहतात! उरलेली फुलं तुडवली जाणार, हे सासूलाही कळत होतं. प्रिया पाहुण्यांकडे वळली.

"हे आमच्या घरचं झाड हाय. फुलं वेचून होतपर्यंत इथून कोणी जाणार नाई. आपण नाल्याकडून जाऊ."

"पह्यल्याच दिवशी पावण्याले काट्यातून नेतं का?" सासू रागावली. "काम जाईन तुयं."

"जाऊ द्या."

नाल्याकडे काटे फार. कपडे फाटले, पाहुण्यांनी तक्रारही केली. संध्याकाळी समिती बसली, चांगली भांडली, आणि कुणी चूक कबूल न करता वाट नाल्याकडूनच ठरली.

दुसऱ्या दिवशी प्रिया नवे पाहुणे घेऊन वळणावर आली. नाल्याच्या वाटेवर अतुल कोयत्यानं काटे तोडत होता आणि सोमारीबाई मागून झाडत येत होती. बरीच वाट साफ झाली होती. तिची फुलं मात्र तशीच पडलेली.

"थोडं थांबा," प्रिया पाहुण्यांना म्हणाली. तिनं सासूची टोपली ओढली आणि झाडाखाली वेचायला बसली.